घोरणे, अडकणारा श्वास आणि डोळ्याचा रक्तपुरवठा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, खोडवा आणि ऊसनोंदणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. तो आपल्या झोपेचा आणि आपल्या डोळ्यांचा आहे. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. आम्हालाही तसेच वाटले होते. पण गेल्या हंगामात एक प्रसंग घडला आणि आम्ही डॉक्टर मंडळींना विचारून, समजून घेऊन हे चार शब्द लिहायला बसलो.

केदारेश्वराच्या देवळामुळे धर्मापुरीचे नाव दूरवर माहीत आहे. त्या धर्मापुरीचे एक सभासद ऊसनोंदणीच्या अर्जावर सही करायला आमच्याकडे आले. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने भरलेले, रक्तदाबाची गोळी चालू. अर्ज हातात घेतला की ते तो कपाळापर्यंत वर धरायचे. सहीची जागा सापडेना. विचारले तर म्हणाले, "उजव्या डोळ्याला खालचं अर्ध दिसतच नाही. वरचं दिसतंय. जणू कुणी खालून काळा पडदा वर ओढलाय."

झाले होते असे. मार्गशीर्षात एके दिवशी पहाटे उठले, तोंड धुतले आणि चहाची कपबशी हाती घेतली, तर बशी दिसेना. दुखणे नाही, लाली नाही, पाणी नाही. घरच्यांना वाटले झोपेने डोळा चिकटला असेल. शेजाऱ्याने सांगितले, मोतीबिंदू पिकला असेल, पिकू द्या. त्यात उसाला तोड आलेली, टोळी फडात उतरलेली. "एवढा ऊस गेला की दाखवू," म्हणून तीन आठवडे गेले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळले की मोतीबिंदू नव्हेच, डोळ्यामागच्या नसेला रक्त कमी पडून ती नस जागीच सुकली आहे.

डॉक्टरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, तोही त्यांना नव्हे, बरोबर आलेल्या त्यांच्या कारभारणीला. "मावशी, हे झोपेत घोरतात का?"

मावशी म्हणाल्या, "घोरतात म्हणजे काय, आख्खा वाडा हालतो. पण मला घोरण्याची भीती वाटत नाही, डॉक्टर. मधेच आवाज बंद पडतो ना, त्याची भीती वाटते. मग मी हलवून बघते. इतकी वर्षं मी अशीच निम्मी रात्र जागी असते."

सभासदांच्या परवानगीने हे लिहीत आहोत, नाव मात्र देत नाही. मावशींनी जे सांगितले तेच सारे दुखणे होते, आणि ते वर्षानुवर्षे घरात असूनही कोणाला दुखणे वाटले नव्हते.

घोरणे आणि श्वास अडकणे

आपल्याकडे समज असा की माणूस घोरतो म्हणजे त्याला गाढ झोप लागली. दिवसभर राबलेला गडी घोरणारच, असे आपण कौतुकाने म्हणतो. सगळेच घोरणे वाईट नसते हे खरे. पण एक घोरणे वेगळे असते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग खाली येतो. गळ्याभोवती चरबी असेल तर वाट आणखी अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना आवाज होतो, ते घोरणे. पण वाट पूर्ण मिटली तर आवाजही थांबतो आणि श्वासही. छाती हलत असते, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. शरीरातला प्राणवायू कमी होऊ लागला की मेंदू घाबरून हाक देतो, माणूस दचकून मोठा श्वास घेतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही.

याला डॉक्टर लोक 'स्लीप ॲप्निया' म्हणतात, म्हणजे झोपेतला श्वासरोध. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला किंवा फार मंदावला तर तो एक अडथळा धरतात. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे असतील तर चिंता नाही. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तीसच्या वर म्हणजे तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा! सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर वेळा गळा दाबला गेल्यासारखे झाले. मग सकाळी डोके जड राहणार नाही तर काय?

गायक-संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून या विकाराचे नाव पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकले. परंतु हा केवळ मोठ्या शहरांतला किंवा मोठ्या लोकांचा रोग आहे असे समजू नये.

डोळ्याला रक्त कसे पोचते

डोळ्याचे काम पाहण्याचे, आणि पाहण्याच्या कामाला प्राणवायू फार लागतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा आहे, ज्यावर चित्र उमटते, तो पडदा शरीरातल्या सर्वात जास्त प्राणवायू खाणाऱ्या भागांपैकी एक आहे. त्या पडद्यापासून निघालेले दहा-बारा लाख बारीक तंतू एकत्र येतात, त्यांची एक जुडी होते आणि ती डोळ्यामागच्या लहानशा भोकातून मेंदूकडे जाते. ही डोळ्याची नस. भोकाची रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर.

मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून एक फाटा डोळ्याकडे येतो. त्याला पुढे आणखी बारीक फाटे फुटतात. काही पडद्याकडे जातात, काही पडद्यामागच्या रक्ताने भरलेल्या थराकडे, आणि काही नसेच्या तोंडाशी. आपण कालवा, चारी आणि सरी म्हणतो तशीच ही रचना आहे. टेलच्या शेतकऱ्याचे दुखणे आपल्याला सांगायला नको. वर पाणी भरपूर असले तरी चालते, कमी पडले की पहिला कोरडा राहतो तो टेलचा. नसेचे तोंड पुष्कळांच्या डोळ्यांत असेच दोन चाऱ्यांच्या टेलांच्या मधोमध येते. दोन्हीकडून थोडे थोडे पाणी मिळते, पण हक्काचे कोणाचेच नाही.

आता दाबाचे बघा. डोळा हा फुगलेला गोळा आहे, त्याच्या आत स्वतःचा दाब असतो. पाऱ्याच्या मापाने साधारण १० ते २१ मिलिमीटर. ट्रॅक्टरच्या फुगलेल्या टायरमध्ये आणखी हवा भरायची तर पंपाचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त लागतो. तसेच रक्ताला डोळ्यात शिरायचे तर डोळ्यातल्या दाबावर मात करावी लागते. रक्ताचा दाब घसरला, किंवा डोळ्यातला दाब वाढला, की रक्त कमी शिरते. रात्री आडवे झाल्यावर डोळ्यातला दाब थोडा वाढतोच, आणि निरोगी माणसाचा रक्तदाबही झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. म्हणजे रात्र हीच डोळ्याच्या टेलची टंचाईची वेळ.

तरी आपल्या सगळ्यांचे डोळे शाबूत राहतात, कारण निसर्गाने तेथे दारं धरणारा गडी ठेवला आहे. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती स्वतःहून आकसतात आणि सैल होतात. पाण्याचा लोट आला की दार लहान करायचे, धार बारीक झाली की दार मोठे करायचे, आणि वाफ्याला सारखे पाणी द्यायचे. हा गडी शहाणा असेल तर रात्रीची टंचाई डोळ्याला जाणवतही नाही.

श्वास अडकला की काय बिघडते

झोपेतला श्वासरोध या गड्यालाच थकवतो. कसा, ते पाहू.

पहिली गोष्ट, श्वास अडकला की रक्तातला प्राणवायू घटतो आणि कर्बवायू वाढतो. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे यंत्र आपण सर्वांनी पाहिले. त्यावर ९५ च्या वर आकडा असला की हायसे वाटायचे. तीव्र विकार असलेल्या माणसाचा तोच आकडा झोपेत ऐंशीच्या घरात, कधी त्याच्याही खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो. रात्रभर असे शेकडो वेळा. म्हणजे चारीला पाणी आहे, पण पाण्यात जीव नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी दचकून जागे होताना अंगात धोक्याची घंटा वाजते. काळीज धडधडते, रक्तदाब एकदम चढतो आणि मग उतरतो. आपल्या विहिरीवरच्या मोटारीची गोष्ट आठवा. लाईट एकदम गेली तर मोटार जळत नाही. व्होल्टेज सारखे वर-खाली झाले की जळते. डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचे तसेच होते.

तिसरी गोष्ट सर्वात लबाड आहे. हे वर्षानुवर्षे चालले की रक्तवाहिनीची आतली अस्तरासारखी भिंत बिघडते. वाहिनी सैल करणारे रसायन कमी तयार होते, आवळणारे जास्त. भिंत ताठर होते, रक्त गुठळी धरण्याकडे झुकते. दारं धरणाऱ्या गड्याचे हात आखडले. मग एखाद्या रात्री रक्तदाब नेहमीपेक्षा जास्त उतरला, त्याच वेळी श्वास अडकून प्राणवायू घटला, आणि दार वेळेवर उघडले नाही. टेलचा वाफा वाळला. नस सुजते, दीड मिलिमीटरच्या भोकात सुजेला जागा नसते, सुजेने उरलेल्या वाहिन्या दाबल्या जातात. सकाळी माणूस उठतो तो अर्धा अंधार घेऊन.

मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हायरेह यांनी डोळ्याच्या नसेच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास आयुष्यभर केला. रात्री झोपेत रक्तदाब उतरणे हे या दुखण्याचे एक कारण असावे, असे त्यांनी १९९४ साली मांडले. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी नस अशी अचानक सुकलेल्या १७ रुग्णांची झोप तपासली. त्यांपैकी १२ जणांना श्वासरोध होता. तशाच वयाच्या, पण डोळे असे न बिघडलेल्या १७ जणांत तो फक्त ३ जणांना निघाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घोरणाऱ्या प्रत्येकाचा डोळा जातो असे मुळीच नाही. नस सुकण्याला रक्तदाब, मधुमेह, नसेचे जन्मतः अरुंद तोंड अशी इतरही कारणे लागतात. पण श्वासरोध हा त्या मोळीतला एक जाड ऊस आहे, आणि तो आपल्याला उपसून काढता येतो.

डोळ्याचे आणखी विकार

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू मरते. श्वासरोध असलेल्यांत काचबिंदू जास्त आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. यात डोळ्याचा दाब तपासणीत सामान्य निघाला तरी नस झिजत असल्याची उदाहरणे आहेत. म्हणून नुसता दाब पाहून समाधान मानू नये, नसही तपासून घ्यावी. पडद्यातली रक्त परत नेणारी वाहिनी तुंबणे हाही याच नात्यातला विकार. मधुमेह्यांच्या पडद्याला आधीच रक्ताची टंचाई असते. त्यात रात्रीची ही टंचाई आली की दुष्काळात तेरावा महिना.

एक खूण तर बाहेरूनच दिसते. काही जाड माणसांच्या वरच्या पापण्या इतक्या सैल होतात की उशीला घासून झोपेत उलटतात, सकाळी डोळा लाल आणि चिकट असतो. हा विकार १९८१ साली प्रथम नोंदला गेला. अशा पापण्या दिसल्या की जाणते डॉक्टर घोरण्याची चौकशी करतात.

आपल्याकडे हे किती

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या मुंबईकर पुरुषांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. झोपेत श्वास अडखळणारे शंभरात साडेएकोणीस निघाले, आणि त्याबरोबर दिवसा पेंग येणारे शंभरात साडेसात. ती शहरातली पाहणी होती. पण पूर्वी पायी चालणारा आपला शेतकरी आता मोटारसायकलवर बांधापर्यंत जातो, घरोघरी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आल्या आहेत. तेव्हा आपण निर्धास्त राहावे असे काही नाही.

आपल्या भागात एक घोटाळा मात्र होतो. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला उठावे लागते, हंगामात काट्यावर जागावे लागते. दुसऱ्या दिवशी पेंग आली तर जागरणाला दोष देऊन आपण मोकळे होतो. जागरणाची पेंग दोन रात्री नीट झोपले की जाते. श्वासरोधाची पेंग आठ तास झोपूनही जात नाही. हा फरक लक्षात ठेवावा. रात्री उसाची ट्रॉली ओढणाऱ्या चालक बंधूंनी तर जास्तच. डोळ्याच्या आधी त्यांचा जीव धोक्यात आहे.

ओळखायचे कसे

कॅनडातल्या डॉक्टरांनी २००८ साली आठ सोपे प्रश्न तयार केले, ते जगभर विचारतात. आपणही घरी विचारून पाहावेत:

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल एवढे घोरता का?
२. दिवसा थकवा किंवा पेंग नेहमी येते का?
३. झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का?
४. रक्तदाब आहे का?
५. लठ्ठपणा फार आहे का?
६. वय पन्नासच्या वर आहे का?
७. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का?
८. पुरुष आहात का?

तीन किंवा जास्त उत्तरे 'होय' आली तर डॉक्टरांना सांगावे. म्हणजे रोग झालाच असे नव्हे, तपासणी हवी एवढेच. आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. ते तुमच्या शेजारी झोपणाऱ्या माणसालाच माहीत असते. त्यांना आजच विचारा. माता-भगिनींनाही हा विकार होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. त्यांच्या घोरण्यावर हसून विषय सोडून देऊ नये.

पक्के निदान झोपेच्या तपासणीने होते. झोपलेल्या माणसाचा श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके रात्रभर यंत्रावर नोंदतात. दिवसा बोटाला यंत्र लावून आकडा चांगला आला म्हणून श्वासरोध नाही असे ठरत नाही.

उपाय

वजन उतरवणे हा पहिला. वजनाचा दहावा भाग उतरला तरी अडथळे बरेच घटतात. दुसरा, कुशीवर झोपणे. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते. बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला तर माणूस उताणा होत नाही. हसू येईल, पण सौम्य विकारात उपयोग होतो. तिसरा, संध्याकाळची दारू बंद. दारूने घसा आणखी सैल पडतो. तंबाखू आणि बिडी रक्तवाहिन्यांना वेगळी मारते, तीही सोडावी. नाक चोंदलेले किंवा टॉन्सिल मोठे असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

मध्यम आणि तीव्र विकाराला हवेचे यंत्र आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ते प्रथम वापरून दाखवले. नाकावर मुखवटा लावायचा, यंत्र सौम्य दाबाने हवा सोडते आणि त्या हवेच्या आधाराने घसा मिटत नाही. 'सीपॅप' असे त्याचे नाव. सुरुवातीला कटकट वाटते, मग सवय होते. मुखवटा सैल असेल तर हवा डोळ्यावर येऊन डोळा कोरडा पडतो, तेव्हा तो नीट बसवून घ्यावा. काचबिंदू असेल तर यंत्र वापरत असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण काहींचा डोळ्यातला दाब त्याने थोडा वाढतो.

रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल तर ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका; त्याने जास्त घात होतो.

आणि एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, पडदा आला, अर्धे दिसले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. न दुखता गेलेली नजर हीच जास्त धोक्याची. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर प्रश्न तासांचा असतो. आपल्याला जवळ म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. ज्यांना पुढे २००८ साली पद्मश्री मिळाली त्या डॉ. तात्याराव लहाने यांनीही तेथील नेत्रविभागात काम केले आहे. तेथे डोळेही तपासता येतील आणि कान-नाक-घसाही, आणि झोपेची तपासणी कोठे करावी याची विचारणाही तेथेच करावी.

आता धर्मापुरीच्या सभासदांचे काय, हे सांगून पुरे करतो. त्यांचा उजवा डोळा परत आला नाही. सुकलेली नस पुन्हा हिरवी करणारे खात्रीचे औषध नाही. पहिल्या दिवशी गेले असते तरी गेलेली नजर आली असती असे सांगता येत नाही. पण अशा माणसांपैकी शंभरात साधारण पंधरा जणांचा दुसरा डोळाही पाच वर्षांत तसाच जातो. तो वाचवायला तीन आठवडे आधी सुरुवात झाली असती. त्यांची झोप तपासली तेव्हा तासाला चाळीसच्या वर अडथळे निघाले. आता ते यंत्र लावून झोपतात, वजन उतरवले आहे, सहा महिन्यांनी डाव्या डोळ्याची नस दाखवून येतात.

परवा ते पुन्हा आले होते. आम्ही मावशींची विचारपूस केली. म्हणाले, "आता ती झोपते हो. पहिले चार दिवस मात्र झोपेना. म्हणायची, आवाजच येत नाही, म्हणून जागी राहून बघते."

सभासद बंधूंनो, तोडीची तारीख पुढे-मागे होते. उभा ऊस आठ दिवस थांबतो, नस थांबत नाही. आज रात्री घरच्यांना एवढेच विचारा, की माझा आवाज मधेच बंद पडतो का?